शाखा बदलणाऱ्यांना तीन आठवडे द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदव्युत्तर प्रवेश सुरू होण्याआधी हे पत्र छापावे, ही विनंती.

मी बी.कॉम. झाले. सात वर्षं अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिले आणि गेल्या वर्षी इतिहासात एम.ए.ला प्रवेश घेतला. "आता लाईन कशाला बदलतेस?" असं नातेवाइकांनी विचारलं, त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. मे १९३०मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेला मार्शल लॉ आणि फाशी गेलेले चार हुतात्मे यांच्याबद्दल लहानपणापासून ऐकत आले. ते मुळातून वाचायचं होतं.

पण पहिल्याच महिन्यात 'ऐतिहासिक साधनांची चिकित्सा' यावर टिपण लिहायला सांगितलं. मी कॉमर्सच्या सवयीने मुद्दे पाडून दोन पानं लिहिली. २० पैकी ४ गुण मिळाले आणि समासात लाल शाईने एकच शब्द होता, 'संदर्भ?'. संदर्भ द्यायचे म्हणजे काय करायचं, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. सरांचाही दोष नाही. वर्गातले बाकीचे बी.ए.ला तीन वर्षं इतिहास शिकून आलेले. बी.एस्सी. करून आलेली माझी मैत्रीण दिवाळीनंतर परत आली नाही. ती हुशार होती, याचंच जास्त वाईट वाटतं.

मला तारलं ते ग्रंथपाल ताईंनी. त्यांनी एक जुना प्रबंध हातात दिला आणि म्हणाल्या, "आधी फक्त तळटिपा वाच." आठ दिवस मी तेवढंच केलं. कुठलं पत्र, कुठलं दप्तर, कोणाची साक्ष आणि ती कितपत धरायची, हे तिथे उलगडलं. मग हत्तरसंग कुडलला गेले. भीमा-सीनेच्या संगमावरच्या त्या देवळातल्या शिलालेखावर शके ९४० आहे. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १०१८ येतं, हे गणित मी तिथे उभ्याउभ्या केलं. हा लेख वाचणारा विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. डोळे भरून आले.

दुसऱ्या सत्रात एका बंद गिरणीचा जुना ताळेबंद वर्गात आला. घसारा म्हणजे काय, राखीव निधी कुठून कुठे वळवला, हे सगळ्या वर्गाला मी समजावून सांगितलं. १८७७ साली 'जुनी गिरणी' नावाची कापडगिरणी उभी राहिली तेव्हापासून या शहराचा इतिहास जमाखर्चाच्या वह्यांतही आहे. त्या वाचणारी माणसं इतिहासाला नकोत का?

शाखा ओलांडणं आपल्याकडे नवं नाही. इरावती कर्वे तत्त्वज्ञानाच्या पदवीधर, एम.ए. केलं समाजशास्त्रात. त्यांचे गुरू, समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये स्वतः संस्कृतचे एम.ए. दामोदर कोसंबी गणित शिकवत आणि जुन्या नाण्यांची वजनं करून त्यांतून इतिहास काढत. पण इरावतीबाईंना घुर्ये भेटले. आमच्या हाती झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्स येतात.

२०२०च्या शैक्षणिक धोरणाने शाखा बदलण्याची मुभा वाढवली. एम.ए.चं एकच वर्ष करून पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोयही झाली. बाहेर पडायला दार केलं, पण आत येणाऱ्यासाठी पायरी बांधली नाही. पहिल्याच सत्रात संशोधन पद्धतीचा पेपर असतो, तोही मूळ विषय येतो असं धरूनच शिकवला जातो.

माझी मागणी मोठी नाही. वर्ग सुरू होण्याआधी दुसऱ्या शाखेतून आलेल्यांसाठी तीन आठवडे तयारीचे तास ठेवावेत. इतिहासाला साधनं, तळटिपा, शक आणि इसवी सन, मोडीची तोंडओळख. इतर विषयांनी आपापलं ठरवावं. वाचायच्या पाच-सहा मराठी पुस्तकांची यादी प्रवेशाच्या पावतीसोबतच हातात द्यावी. आणि पहिल्या टिपणाचे गुण धरू नयेत, चुका तेवढ्या दाखवाव्यात. वर्ग सुरू होण्याआधी खोल्या रिकाम्याच असतात.

शिकवायला माणूस नाही असं कुणी म्हणेल, म्हणून आधीच लिहिते. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी शनिवारी दुपारी यायला तयार आहोत. तळटिपांचा तास मी घेईन.

आपली,
एम.ए. (इतिहास) द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी,
सोलापूर