बाबा, विषय बदललेला नाही

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

फोनवर सांगायला घेतलं की आईचा आवाज कापरा होतो आणि मला पुढे बोलवत नाही, म्हणून लिहितेय. नेदरलँड्समधल्या लायडनला संशोधनासाठी होकार कळवलाय. तीन वर्षांसाठी. डिसेंबरात कायमची पुण्याला येते म्हणाले होते, ते आता होणार नाही. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, हे मनाला लागून राहिलंय.

बाबा, तुम्ही विचारलंत, चांगलं सॉलिड स्टेट, म्हणजे घन पदार्थांचं भौतिकशास्त्र, सोडून हे कंडेन्स्ड मॅटर कुठून काढलंस? सॉलिड स्टेट तुमच्या ओळखीचं, तुमच्या रेडिओवर तेच छापलेलं होतं. मागचं झाकण उघडून तुम्ही मला तीन पायांचा ट्रान्झिस्टर दाखवलात, मी तिथूनच या विषयात आले. ते सोडलेलं नाही. स्फटिक, अर्धवाहक सगळं आतच आहे. पण त्याच विचारांनी द्रवही उलगडायला लागले, तेव्हा जुनं नाव तोकडं पडलं आणि घन-द्रव दोन्ही सामावणारं कंडेन्स्ड मॅटर हे नाव आलं. केंब्रिजला फिलिप अँडरसन आणि फोल्कर हाइने या भौतिकशास्त्रज्ञांनी 1967 मध्ये आपल्या गटाचं नाव बदललं, अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या विभागानं 1978 मध्ये.

आता माझा हेलियमच बघा. नेहमीच्या दाबाखाली कितीही थंड करा, द्रव होतो, पण गोठतच नाही. उणे 271 अंशांच्या आसपास त्याचं उकळणं एकदम थांबतं आणि तो भांड्याच्या कडेनं वर चढून बाहेर उतरतो. वाहताना घर्षणच उरत नाही. याला सॉलिड कसं म्हणायचं? आणि तरी द्रव हेलियमइतक्या थंडीत गोठलेल्या पाऱ्यातून वीज विनाविरोध वाहते, तिच्याशी याचं अगदी जवळचं नातं आहे. हेलियम पहिल्यांदा द्रव झाला तो लायडनमध्येच, कामरलिंग ओन्नेस यांच्या प्रयोगशाळेत, 1908 साली. पाऱ्याचं कोडंही तिथलंच, 1911 चं. म्हणून लायडन, बाबा. पगारासाठी नाही.

आई, तुझं रवाळ तूपसुद्धा याच विषयात बसतं गं. सावकाश निवलं तरच रवा मोठा धरतो, म्हणून तू पातेल्याला हात लावू द्यायची नाहीस. मी झाकण उचलायचे, तू चापट मारायचीस आणि मग त्याच हातावर साखर घातलेली बेरी ठेवायचीस.

खोली उबदार आहे, खिडकीत ऊन येतं. तूरडाळ मिळते, कुकर आणलाय. रात्री प्रयोगशाळेत एकटी थांबत नाही.

आता ऐका. आईनं गुडघ्याचा पट्टा दुपारीसुद्धा लावायचा. बाबांनी टाकी बघायला शिडीवर चढायचं नाही, वॉचमनला सांगायचं. बीपीची गोळी सकाळीच, "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. जूनमध्ये तीन आठवडे येतेय, तिकीट काढलंय. तोवर तूप कुरिअरनं पाठवू नकोस आई, वाटेत वितळेल आणि रवा मोडेल. मी आल्यावर कढव. झाकण उचलणार नाही.

तुमची,
मनी