लालबागच्या मसालेवाल्या काकांना

काका,

तुमच्यासमोर बोलायला गेले की घसा दाटून येतो, म्हणून लिहिते आहे.

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं तर कधी पार खचतं, हे मी क्लायंटना सांगत नाही. एकदाच सांगितलं होतं, एका एजन्सीच्या बाईंना, विश्वासाने. 'काळजी घे हं' म्हणाल्या आणि काम येणं बंद झालं. झालेल्या कामाचं बिलही चार महिने अडकवलं. अजून आठवलं की पोटात कालवतं.

तुमच्या भाषेत सांगायचं तर, तेजीत मी जे कबूल करते ते मला मंदीत फेडावं लागतं. फेब्रुवारीत झोप चार तासांवर आली होती, रात्री दोनला कोटेशनं पाठवत होते. बारा मसाल्यांची लेबलं आणि वेबसाइटचा मजकूर पंधरा दिवसांत देते, असं तुम्हाला म्हणाले ते त्याच दिवसांत. मग फोन वाजला तरी उलटा करून ठेवायचे. नऊ दिवस. आणि तोंडावर मिरचीचा सीझन! दहाव्या दिवशी रडत सगळं सांगून टाकलं. तुम्ही म्हणालात, "बरं. आधी बेडगीचं लेबल दे, प्रेसला तेच लागतंय. बाकीचं मागून." ना 'मन रमव', ना 'सगळे मनाचे खेळ'.

पण मला सांगायचंय ते चहाचं.

या आजारासाठी घेते त्या लिथियमच्या गोळ्यांनी माझे हात थरथरतात. उन्हाळ्यात घाम जाऊन पाणी कमी पडलं की रक्तातलं लिथियम वाढतं, मग थरथरही वाढते. एप्रिलमध्ये प्रूफ घेऊन आले, पोऱ्याने काठोकाठ भरलेला ग्लास हातात दिला आणि अर्धा चहा बेडगीच्या प्रूफवर सांडला. तुम्ही कागद उचलून गोणीवर वाळत घातलात, बोलला काहीच नाहीत. पुढच्या खेपेला माझ्यासाठी घरून आणलेला मोठा, कानवाला कप होता. त्यात चहा अर्धाच. तो संपल्यावर बोलता बोलता तेवढाच पुन्हा ओतलात. तुमचा स्वतःचा ग्लासही अर्धाच भरलेला होता. शेजारी पाण्याचा तांब्या.

त्या दिवशी करी रोडच्या पुलावर उभी राहून रडले, पण बरं वाटून.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना सांगितलं की शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्या. ते हवंच होतं, माझ्यासारख्यांचे औषधपाण्यात किती पैसे जातात! पण समोरच्याचा हात बघून कप अर्धा भरावा, हे कोण कुणाला लिहून देणार? ते माणसाच्या अंगात असावं लागतं. गर्दीच्या गाडीत न सांगता सरकून चौथी सीट देणारी माणसं याच शहरात भेटतात, त्यांच्यातले तुम्ही.

संकेश्वरी मिरचीचा मजकूर सोमवारी देते. नाही झाला, तर सोमवारी सकाळीच फोन करून तसं सांगेन.

तुमची,
लेबलवाली