मिशनरी इथे रुळले कसे, तेही लिहा

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मिशनऱ्यांच्या शिक्षणकार्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. लेख आस्थेने लिहिला आहे, पण १८१३ साली अमेरिकन माणसे मुंबईत उतरतात आणि पुढच्याच परिच्छेदात शाळा, छापखाना, दवाखाना सारे उभे राहते. वाचणाऱ्याला वाटावे, कंपनी सरकारने गालिचा अंथरला आणि हे त्यावरून चालत आले. मी नगरची. आमचे घराणे माझ्या पणजोबांपासून ख्रिस्ती, आणि माझी सारी नोकरी मराठी शिकवण्यात गेली. म्हणून त्या गाळलेल्या वर्षांबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

कंपनीला हे लोक नकोच होते. फेब्रुवारी १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली आणि ते हिंदुस्थानला निघाले. कलकत्त्याला पोचतात तोच कंपनीने त्यांना देश सोडायला सांगितले. त्यातच त्या उन्हाळ्यात अमेरिका आणि इंग्लंडचे युद्ध पेटले, म्हणजे हे आता शत्रूच्या देशाचेही ठरले. सगळे पांगले. जडसन पतिपत्नी अखेर ब्रह्मदेशात गेले. सॅम्युएल न्यूएल आपल्या गरोदर पत्नीला, हॅरिएटला, घेऊन मॉरिशसला निघाले. वाटेत समुद्रावरच बाळ जन्मले आणि गेले. नोव्हेंबर संपता संपता हॅरिएटही गेली. वय अवघे एकोणीस. ज्या देशासाठी घर सोडले, तिथे तिला घर मांडताच आले नाही.

त्याच पाचांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. मागोमाग कलकत्त्याहून हुकूम आला की, यांना इंग्लंडला पाठवून द्या. गव्हर्नर सर इव्हन नेपियन मनाने त्यांच्या बाजूचे असले तरी हुकूम तो हुकूम. दोघे जहाजाने कोचीनला निसटले, तिथून त्यांना परत आणले गेले. मग हॉल यांनी गव्हर्नरांना पत्र लिहून आपली बाजू मांडली. त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटने कंपनीची सनद नवी करताना मिशनऱ्यांना वाट मोकळी केली आणि वर्षअखेरीस यांना राहू देण्याचे ठरले. तोवर आपण उद्या इथे असू की जहाजावर, हे त्या दोघांना सांगता आले नसते. मिशनरी तलवारीच्या मागून आले असे सरसकट बोलले जाते, तेव्हा मला हे वर्ष आठवते.

पुढचा डोंगर भाषेचा. बंगालमधले इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि कोश १८१० साली निघाला होता. त्यामागे वैजनाथ शर्मा या नागपूरकडच्या पंडितांची मेहनत होती. पण मुंबईच्या रस्त्यावरची मराठी पुस्तकातून येणार नव्हती. इंग्रजी घरात वाढलेल्या माणसाला आपली भाषा किती अडवते, ते वर्गात उभ्या राहिलेल्या शिक्षकाला विचारा. ‘ळ’ आणि ‘ण’ जिभेवर बसत नाहीत. तीन लिंगे, त्यात दगड पुल्लिंगी, वीट स्त्रीलिंगी आणि घर नपुंसकलिंगी. बाईने भात खाल्ला, पण पुरुषाने भाकरी खाल्ली. तू, तुम्ही, आपण यांतले काय कोणाला म्हणायचे, हे तर कोणतेच व्याकरण पुरते शिकवत नाही. ते माणसांत वावरूनच कळते, आणि चुकले की समोरचा दुखावतो. असल्या भाषेत हॉल मुंबईच्या रस्त्यांवर आणि बाजारांत उभे राहून बोलू लागले. १८१७ साली मिशनच्या छापखान्यातून बायबलमधले मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत निघाले, १८२६ साली बायबलचा संपूर्ण नवा करार. हे शिकवले कोणी? पंडितांनी, नोकरचाकरांनी, शेजाऱ्यांनी, शाळेत आलेल्या पोरांनी. परक्याची अडखळती मराठी ऐकून घेणारी आणि सुधारून देणारी ही माणसे आपल्या इतिहासात कुठेच दिसत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. आपल्या लेखातही ती नाहीत.

या देशाचे हवापाणी त्यांना सोसले नाही. नॉट आजारपणामुळे १८१५ सालीच परतले. न्यूएल पुढे सिलोनमार्गे मुंबईत येऊन पोचले होते, ते १८२१ साली पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, गेले. मार्च १८२६ मध्ये हॉल नाशिक-त्र्यंबककडे गेले. तिकडे पटकीची साथ होती. जवळचे औषध त्यांनी वाटले आणि परतीच्या वाटेवर त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. नवा करार छापून झाला त्याच वर्षी, काम सुरू करणाऱ्या तिघांपैकी इथे कोणीही उरले नाही.

आमच्या नगरलाही हेच झाले. डिसेंबर १८३१ मध्ये ग्रेव्ह्ज, रीड आणि हर्व्ही इथे आले. सोबत बाबाजी रघुनाथ हे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ होते. काही महिन्यांतच, १८३२ साली, हर्व्ही पटकीने वारले. तरी मिशन उठले नाही.

या सगळ्यांत माझे मन सर्वांत जास्त गुंतते ते सिंथिया फरार यांच्यात. लग्न न केलेली बाई एकटी, १८२७ साली न्यू हॅम्पशायरहून मुंबईत येते. मुलींना शाळेत पाठवा, असे घरोघरी सांगायचे, तेही परक्या धर्माच्या परक्या बाईने. तिच्यावर विश्वास बसायला किती उंबरे झिजवावे लागले असतील! तब्येत ढासळली म्हणून मायदेशी गेल्या, तरी १८३९ साली परत आल्या आणि नगरच्या झाल्या. त्यांच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना मुलींसाठी शाळा काढावी असे वाटले, हे जोतीरावांनी स्वतः सांगितले आहे. १८४८ साली पुण्यात जे घडले, त्याच्या मुळाशी एका बाईने नगरला रुजण्यात घातलेली वर्षे आहेत. १८६२ साली त्या इथेच वारल्या. माझी आजी मिशनच्या शाळेत शिकली. तिच्या बोलण्यात ‘मिसबाई’ हा शब्द थोरल्या आत्याचे नाव घ्यावे इतक्या सहज येई, आणि तो मान एका पिढीत मिळालेला नव्हता.

मी त्यांना देव्हाऱ्यात बसवत नाही. माझ्या पूर्वजांच्या देवाधर्माबद्दल त्यांच्यातल्या अनेकांनी जे लिहिले, ते वाचताना मला आजही टोचते. काहींना आपली रीत सोडून दुसरे काही दिसलेच नाही. तेही छापावे. पण जे इथे राहिले, त्यांना या मातीने बदलले, हेही तितकेच खरे. १८४२ साली नगरहून मिशनचा ‘ज्ञानोदय’ हा अंक निघाला, तो मराठी वाचकाशी मराठीत वाद घालायला आणि त्याचे ऐकायला शिकलेल्या माणसांनी काढला होता.

म्हणून एक विनंती. आपण या विषयावर पुढचे लेख देणार असाल, तर भाषा, आजारपण आणि शेजार यांवर एक पूर्ण लेख द्या. आणि आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या पाळकांना व पंचांना आपल्या पानांतून एक आवाहन करा. चर्चच्या कपाटांत बाप्तिस्म्याच्या, लग्नांच्या, दफनाच्या जुन्या नोंदवह्या आहेत. मी काही चाळल्या आहेत. कागद पिवळा पडून कडांनी तुटतो आहे, काही पाने वाळवीने खाल्ली आहेत. त्यांत मिशनऱ्यांबरोबर आपल्याही माणसांची नावे आहेत. या वह्यांची छायाचित्रे काढून ठेवायला फार पैसा लागत नाही, एखाद्या महाविद्यालयाचा इतिहास विभाग आणि चार उत्साही मुले पुरतात. नगरमध्ये कोणी हे हाती घेणार असेल, तर जुने मोडी आणि वळणदार हस्ताक्षर वाचून द्यायला मी येईन.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
अहिल्यानगर