पावसाचा आकडा छापताना वेळ आणि ठिकाणही छापा

संपादक महोदय,

पावसाळा सुरू झाला की ‘हवामान खात्याचा अंदाज पुन्हा हुकला’ हा मथळा ठरलेला. अंदाज चुकतात, त्यावर वाद नाही. पण खात्यावर खापर फुटते ते प्रत्येक वेळी चुकीबद्दल असतेच असे नाही. पुष्कळदा खात्याच्या पत्रकातून बातमीत येताना दोन-तीन शब्द गळालेले असतात आणि नेमके तेच महत्त्वाचे असतात.

पत्रकात लिहिलेले असते, ‘तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता’. यातले ‘तुरळक’ हे मोघम विशेषण नाही, ते माप आहे. त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रे म्हणजे तुरळक, २६ ते ५० टक्के म्हणजे काही, ५१ ते ७५ म्हणजे बऱ्याच आणि त्यापुढे बहुतेक ठिकाणी. ‘मुसळधार’ही तसेच ठरलेले आहे: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. त्यापुढे २०४.४ पर्यंत अति मुसळधार, त्याहून जास्त म्हणजे अत्यंत मुसळधार. (महसूल खाते मात्र मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरते. पंचनाम्याच्या बातमीतली अतिवृष्टी आणि हवामानाच्या बातमीतला अत्यंत मुसळधार पाऊस यांत असे तिपटीचे अंतर पडते.)

आता मथळा येतो, ‘साताऱ्यात आज मुसळधार’. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. पत्रकातला इशारा बहुधा ‘घाट क्षेत्रात तुरळक ठिकाणी’ एवढाच असतो. माणमधल्या दहिवडीचा शेतकरी मथळा वाचून फवारणी पुढे ढकलतो, दिवसभर ऊन पडते आणि पुढच्या वेळचा खरा इशारा तो वाचतच नाही.

दुसरी गफलत वेळेची. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. मंगळवारी सकाळी मिळालेला आकडा मुख्यतः सोमवारच्या पावसाचा असतो. दोन बातम्यांत आकडे जुळत नाहीत त्याचे कारण अनेकदा हेच: एकाने साडेआठपर्यंतचा घेतलेला, दुसऱ्याने संध्याकाळी साडेपाचपर्यंतचा. शिवाय किती पडला याइतकेच किती वेळात पडला हेही महत्त्वाचे. मुंबईतल्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ओहोटीच्या वेळी ताशी २५ मिलिमीटर पाणी वाहून नेता येईल या हिशेबाने बांधलेल्या होत्या. १०० मिलिमीटर दिवसभरात पडले तर शहर चालू राहते. तेच दोन तासांत भरतीच्या वेळी पडले तर रेल्वे थांबते. ढगफुटी हा शब्दही जपून वापरावा. साधारण २०-३० चौरस किलोमीटर क्षेत्रात तासाभरात १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला, तरच ती ढगफुटी.

ठिकाणाबद्दल २६ जुलै २००५ पुरेसे बोलके आहे. २७ तारखेच्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला ७३ मिलिमीटर नोंद झाली. ‘मुंबईत अमुक मिलिमीटर’ असे लिहिणाऱ्याने यातली कोणती मुंबई ते सांगायला हवे.

टक्केवारीत तर सर्रास घोळ होतो. ‘सरासरीच्या ११० टक्के’ म्हणजे सरासरीपेक्षा १० टक्के जास्त. ते ‘सरासरीपेक्षा ११० टक्के जास्त’ असे छापले की पाऊस दुपटीहून जास्त होतो. देशाची जून ते सप्टेंबरची सरासरी ८७ सेंटिमीटर आहे, तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस सर्वसाधारण मानतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात सरासरीच लहान असते. मराठवाड्यात वळवाची एक सर आली तरी ‘तिप्पट पाऊस’ अशी बातमी होते. पेरणीयोग्य ओल त्याने झालेली असतेच असे नाही. टक्क्यांशेजारी मिलिमीटर छापले तर वाचक फसणार नाही.

रंगांच्या इशाऱ्याबद्दल थोडेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. रंग ठरवताना पावसाच्या प्रमाणाबरोबर तो पडण्याची शक्यता आणि होणारा परिणामही पाहतात. इशारे दिवसातून अनेकदा बदलतात, तीन तासांपुरता तात्कालिक अंदाज वेगळा असतो. रात्री छापायला गेलेला नारिंगी इशारा सकाळी चहाच्या वेळी पिवळा झालेला असू शकतो. म्हणून पत्रक कोणत्या वेळेचे आहे ते बातमीत हवेच.

मिलिमीटर म्हणजे काय, हेही अधूनमधून सांगावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक एकरावर १०० मिलिमीटर पडला तर चार लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. घरी मोजायचा असेल तर वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीचे, सपाट तळाचे भांडे उघड्यावर ठेवून आत पट्टीने उंची पाहावी. भिंत किंवा झाड जितके उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवावे. गच्चीच्या कठड्यावर वाऱ्यामुळे पाऊस कमी भरतो. बाटलीवर नरसाळे लावले तर पट्टी चालत नाही. मग पाणी मापून नरसाळ्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने भागावे लागते: तोंडाचा व्यास १० सेंटिमीटर असेल तर ७.८५ मिलिलिटरला एक मिलिमीटर.

आपल्या पत्रात जून ते सप्टेंबर रोज एक चौकट द्यावी: केंद्राचे नाव, सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा पाऊस, १ जूनपासूनचा एकूण पाऊस आणि त्या तारखेपर्यंतची सरासरी. जागा लागेल ती चार ओळींची. त्यासाठी छत्री घेतलेल्या महाविद्यालयीन तरुणींचे छायाचित्र थोडे लहान करावे लागले तरी वाचकांची हरकत नसावी.

— एक वाचक, पुणे