धक्का महत्त्वाचा की कार्यकारणभाव?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कादंबऱ्यांवर बेतलेल्या अद्भुतरम्य मालिका आणि त्यांचे चाहते यांविषयी आपल्या वृत्तपत्रात अलीकडे जो पत्रव्यवहार प्रसिद्ध झाला, त्यात दोन आक्षेप पुन्हा पुन्हा आले. ज्या जगात ड्रॅगन उडतात आणि प्रेते चालतात तिथे अंतर, वेळ आणि कारणे यांचा हिशेब मागणे पोरकटपणाचे आहे, हा पहिला. आणि स्पॉयलर, म्हणजे कथेतली पुढची घटना आधीच, कळला म्हणून चिडणाऱ्यांना कथेपेक्षा धक्काच प्रिय असतो, हा दुसरा. मला हे दोन्ही आक्षेप अमान्य आहेत. २०११ ते २०१९ या काळात आठ पर्वांत प्रसारित झालेल्या, जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेल्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या आधारे मी माझे म्हणणे मांडतो, ज्यांची ही मालिका पाहायची राहिली असेल त्यांनी इथेच थांबावे, ही विनंती.

ड्रॅगन असणे हे या कथेचे गृहीतक आहे आणि ते मान्य करूनच प्रेक्षक मालिका पाहायला बसतो. त्याची तक्रार सुरू होते ती कथेने स्वतः घालून दिलेला नियम कथाच मोडू लागते तेव्हा. पहिल्याच भागात राजाचा लवाजमा राजधानीहून उत्तरेतल्या विंटरफेल किल्ल्यावर पोहोचतो तेव्हा आपण महिनाभर प्रवास करत आहोत असे राणी बोलून दाखवते, आणि त्या एका वाक्यातून राज्याचा विस्तार प्रेक्षकाच्या मनात पक्का होतो. सातव्या पर्वात मात्र राज्याच्या उत्तर सीमेवरील प्रचंड भिंतीपलीकडे गोठलेल्या तळ्यात मोजकी माणसे वेढली गेली असताना एकजण पळत भिंतीपर्यंत येतो, तिथून निघालेला कावळा दूर दक्षिणेकडील बेटावर संदेश पोहोचवतो आणि ड्रॅगनांची मालकीण असलेली राणी डेनेरिस ड्रॅगन घेऊन वेळेवर हजर होते. इथे खटकतो तो ड्रॅगन नव्हे, आटलेले अंतर खटकते. अंतराला किंमत उरली नाही की वेढ्यातल्या माणसांच्या जिवाची धास्तीही उरत नाही, म्हणून हा हिशेब मागणे अरसिकपणाचे नाही.

आता स्पॉयलरविषयी. उत्तरेचा तरुण राजा रॉब स्टार्क याची लग्नसमारंभात झालेली हत्या जॉर्ज मार्टिन यांच्या २०००च्या कादंबरीत आहे आणि ती पडद्यावर आली २०१३मध्ये. मधल्या तेरा वर्षांत लाखो वाचकांना ती ठाऊक होती. तरी त्यांच्यातल्या बहुतेकांनी मालिका पाहणाऱ्या आपल्या मित्रांपाशी तोंड उघडले नाही, याचे मला आजही कौतुक वाटते. ज्यांना शेवट माहीत होता त्यांनाही तो भाग पाहताना कमी यातना झाल्या नाहीत, कारण त्या हत्येमागची साखळी अभेद्य आहे: रॉबने सरदार वॉल्डर फ्रेला दिलेला विवाहाचा शब्द मोडला, आपलाच सरदार कार्स्टार्क याचा शिरच्छेद करून स्वतःच्या सैन्याचा मोठा हिस्सा गमावला आणि त्यामुळे पुन्हा त्याच फ्रेच्या दारात जाण्याची पाळी स्वतःवर आणली. दुसऱ्यांदा पाहताना तर प्रत्येक पाऊल त्या दाराकडेच जाताना दिसते.

प्रेक्षकांनी आधीच ओळखले तर रहस्याची किंमत संपते, अशी एक समजूत निर्मात्यांमध्येही दिसते. प्रमुख पात्रांपैकी एक असलेल्या जॉन स्नोची आई कोण, याचा अचूक अंदाज वाचकांनी मालिकेच्या कितीतरी आधी बांधला होता. मालिकेच्या दोन निर्मात्यांशी पहिली भेट झाली तेव्हा मार्टिन यांनी त्यांना हाच प्रश्न विचारला आणि बरोबर उत्तर मिळाल्याने त्यांचे समाधान झाले. म्हणजे तो अंदाज लेखकाच्या लेखी नीट वाचन केल्याचा पुरावा होता. वाचकांनी ओळखले म्हणून ठरलेला शेवट बदलला तर आधी पेरलेल्या सगळ्या खुणा खोट्या ठरतील, असेही त्यांनी सांगितले आहे. याउलट आठव्या पर्वात चालत्या प्रेतांचा म्होरक्या नाइट किंग याचा अंत स्टार्क घराण्यातल्या आर्याच्या हातून का घडवला हे सांगताना निर्मात्यांनी, त्या क्षणी प्रेक्षकाच्या मनात ती नसावी, या बाबीवर भर दिला. माझ्या मते या मालिकेची घसरण नेमकी इथे आहे. जॉनची आणि त्या शत्रूची गाठ पर्वानुपर्वे बांधत आणायची आणि ऐनवेळी केवळ अपेक्षाभंगासाठी ती सोडून द्यायची, यातून धक्का एकदाच मिळतो, आणि दुसऱ्यांदा पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. शेवटचे पर्व पुन्हा बनवा, अशा मागणीवर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. ती मागणी मला अवाजवी वाटते, पण तिच्यामागचा संताप खोटा नव्हता.

रूपांतरात काटछाट अटळ आहे हे मला मान्य आहे. तरी ती करताना पुढचे धागे तपासावे लागतात. मार्टिन यांच्याच लेखनावर बेतलेल्या ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ या दुसऱ्या मालिकेत मूळ पुस्तकातला एक लहान राजपुत्र गाळला, तेव्हा पुढच्या घटनांची कारणे कशी डळमळतील हे खुद्द मार्टिन यांनी सप्टेंबर २०२४मध्ये जाहीरपणे लिहिले होते आणि नंतर ते लेखन मागेही घेतले. त्यातला तपशील मी देत नाही, कारण त्या मालिकेची कथा अजून पूर्ण झालेली नाही.

शेवट आधी कळल्याने आनंद कमी होत नाही, असे सांगताना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील २०११च्या प्रयोगाचा दाखला अनेकदा दिला जातो. तो प्रयोग लघुकथांवर होता. एका बैठकीत संपणारी कथा आणि आठ वर्षे सोबत राहिलेली पात्रे यांना एकच माप लावता येत नाही. शिवाय शेवट आधी जाणून घ्यायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. साखळी आधी स्वतः जोडून पाहण्याची संधी प्रत्येक प्रेक्षकाला एकदाच मिळते आणि ती दुसऱ्याने हिरावून घेऊ नये, एवढेच स्पॉयलर टाळा म्हणणाऱ्यांचे मागणे आहे. तर्काची चिकित्सा करणारे आणि रहस्य जपणारे म्हणूनच मला एकाच बाजूचे वाटतात.

या संदर्भात आपल्याकडे एक मागणे आहे. मालिकेचा भाग प्रसारित झाल्यावर दुसऱ्याच दिवशी पात्राच्या मृत्यूची बातमी मथळ्यात आणि छायाचित्रासह देण्याची प्रथा वृत्तपत्रांनी थांबवावी. मजकुरात सविस्तर चिकित्सा जरूर यावी, तिची गरजच आहे. मात्र कोणत्या भागापर्यंतचा तपशील त्यात आहे हे पहिल्या ओळीत नमूद करावे आणि मूळ कादंबरीतील पुढच्या घटनांचा उल्लेख असल्यास तेही वेगळे सांगावे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक