निरोपाच्या शालीबरोबर विम्याचा कागदही द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी २६ वर्षे काढली आणि ३१ जुलै २०२४ रोजी, वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त झालो. कँटीनमध्ये निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ मिळाले, साहेब मनापासून बोलले. त्याच दिवशी सकाळी ‘नो ड्यूज’चा कागद हातात घेऊन मी या खात्यातून त्या खात्यात सह्या गोळा करत फिरलो होतो. स्टोअरच्या चाव्या, लॉकर, हेल्मेट, सेफ्टी बूट, कँटीनची कुपने, प्रत्येकाला एक रकाना आणि समोर एक सही. शेवटचा रकाना ओळखपत्राचा होता. ते काढून दिले. पाकिटात त्याच्याच मागे कंपनीच्या मेडिक्लेमचे कार्ड होते. ते कोणी मागितले नाही, आणि उद्यापासून त्याचे काय, हेही कोणी सांगितले नाही. मीही विचारले नाही. हे पत्र त्या एका न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

सव्वा महिन्याने चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी आली. पणजीला विम्याच्या कचेरीत काम करणारा माझा पुतण्या घरी आला होता. जेवण झाल्यावर बोलता बोलता मी त्याला म्हटले, आता आम्हा दोघांसाठी एखादी पॉलिसी बघ. तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, “काका, नोकरी सुटायच्या आधी का नाही विचारलंत? कंपनीच्या पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या स्वतःच्या पॉलिसीत जाता येतं. तुमची इतकी वर्षं फुकट नसती गेली.”

तेव्हा मला पहिल्यांदा कळले की नोकरीतल्या समूह विम्यातील माणसाला, आणि त्याच्या कुटुंबालाही, त्याच कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच रक्कम असलेल्या) पॉलिसीत जाण्याचा हक्क विमा नियामकाने, म्हणजे इर्डाने दिलेला आहे. याला मायग्रेशन म्हणतात. विमा कंपनी तब्येतीची तपासणी मागू शकते आणि हप्ता तिच्या दराने लावते, हे खरे. पण समूह विम्यात सलग काढलेली वर्षे नव्या पॉलिसीच्या वेटिंग पिरियडमध्ये, म्हणजे काही आजारांचे पैसे मिळेपर्यंत थांबायच्या मुदतीत, धरली जातात. आमच्या कारखान्याचा विमा चौदा वर्षे एकाच विमा कंपनीकडे होता. चौदा वर्षे! माझ्या पत्नीचा मधुमेह आणि दोघांचेही रक्तदाब या काळात त्याच पॉलिसीत सुरू झाले. एक अर्ज वेळेत दिला असता, तर आम्हाला बहुधा एक दिवसही थांबावे लागले नसते. अर्ज विमा सुरू असतानाच द्यायचा असतो, महिनाभर आधी दिलेला बरा. आमचा विमा ३१ जुलैला संपला होता आणि आम्ही सप्टेंबरात बोलत होतो.

मग बाजारातून नवी पॉलिसी घेतली, दोघांना मिळून पाच लाखांची. फॉर्म भरायला एजंट घरी आला. मधुमेहाच्या रकान्याशी पेन थांबवून तो म्हणाला, “शुगरचं लिहू नका, हप्ता वाढेल. नंतर कोण बघतंय?” माझे मन दोन मिनिटे डळमळले, हे मी लपवत नाही. पण चहा घेऊन आलेली पत्नी तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, “रोज सकाळी गोळी घेते ती मी. नाही म्हणून सही कशी करू?” तिने स्वतः गोळीचे नाव आणि वर्ष लिहायला लावले. हप्ता वाढला. करासकट ४१,३०० रुपये झाले. तरी ती बरोबर होती. लपवलेला आजार इस्पितळाच्या जुन्या कागदांतून बाहेर येतो. मग क्लेम जातो, आणि कधी पॉलिसीही रद्द होते. सलग पाच वर्षे पॉलिसी चालवल्यावर मात्र कंपनीला फसवणूक सिद्ध केल्याशिवाय ‘आजार लपवला’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४ मध्ये ती पाचवर आणली. पण पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने ती पाच वर्षे जीव मुठीत धरून का काढावीत?

गेल्या मार्चमध्ये, शिगम्याच्या दिवसांत, मध्यरात्री तिच्या पोटात उजव्या कुशीला असह्य कळ उठली. घाम, उलट्या. म्हार्दोळहून फोंड्याच्या एका खासगी इस्पितळात नेले. पित्ताशयात खडे, वर जंतुसंसर्ग, आणि त्यात मधुमेह. डॉक्टर म्हणाले, थांबता येणार नाही. दुर्बिणीने ऑपरेशन झाले, पाच दिवसांत ती घरी आली, देवी महालसेची कृपा. बिल झाले १ लाख ८ हजार. कॅशलेस, म्हणजे विमा कंपनीने बिल थेट इस्पितळाला देणे, नाकारले गेले. कारण एका ओळीचे होते: पित्ताशयाचे खडे, दोन वर्षांचा वेटिंग पिरियड, पॉलिसीला सहा महिने.

विमा कंपनीने मला फसवले, असे मी म्हणत नाही. पॉलिसीत ते लिहिलेलेच आहे. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, प्रोस्टेट, पित्ताशयातले खडे, मुतखडे, अशा ठरावीक आजारांना बहुतेक पॉलिसींत पहिली दोन वर्षे पैसे मिळत नाहीत, मग तो आजार तुम्हाला आधी असो वा नसो. आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षे. गुडघ्याच्या सांधेबदलालाही अनेक ठिकाणी तितकीच. ही यादी नीट वाचली तर कळते की साठीच्या आसपास माणसाला जे जे होते, ते सगळे तिच्यात आहे. म्हणून निवृत्तीनंतर घेतलेली पॉलिसी नेमकी गरजेच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत निम्मीच कामाची असते. कारखान्याच्या जुन्या विम्याला वेटिंग पिरियड नव्हता. चौदा वर्षांची ती पुण्याई मी एका अर्जाअभावी घालवली आणि ते १ लाख ८ हजार प्रॉव्हिडंट फंडातून भरले.

वाचक विचारतील, गोव्यात राहून खासगीत कशाला गेलात, बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेज आहे, दीनदयाळचे कार्ड आहे. बरोबर आहे. गोमेकॉत माझ्या वडिलांचे सगळे उपचार झाले आणि तिथल्या डॉक्टरांचे ऋण मी मानतो. पण रात्री दीड वाजता कळवळणाऱ्या माणसाला घेऊन जो दिवा जवळ दिसतो, तिथेच आपण जातो. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आमच्याकडे होते, पण कंपनीच्या विम्याच्या भरवशावर त्याचे नूतनीकरण आम्ही केलेच नव्हते. कपाटात पडून होते. २०१६ पासूनची ही योजना सरकारी नोकरांखेरीज पाच वर्षे गोव्यात राहणाऱ्या बहुतेक प्रत्येकासाठी आहे. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा अधिक जणांच्या कुटुंबाला चार लाख. ते कार्ड आता चालू करून घेतले आहे. ज्यांचे बंद पडले असेल, त्यांनी या आठवड्यात कपाट उघडावे.

माझी आई ८४ वर्षांची आहे. तिचे आयुष्मान वय वंदना कार्ड शेजारच्या मुलाने आमच्या सोप्यावर बसून मोबाइलवर काढून दिले. आयुष्यभर शेतात आणि चुलीपुढे राबून तिच्या बोटांचे ठसे पुसट झाले आहेत, ते काही केल्या लागेनात. शेवटी चेहऱ्याचा फोटो घेतला. “डोळे मिटा-उघडा, आजी” म्हटल्यावर तिने दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले आणि उघडायलाच तयार होईना. तिसऱ्या खेपेला जमले. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, या कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. खासगी पॉलिसी असली तरी चालते.

म्हणजे सत्तरीनंतर सरकारचा हात आहे आणि नोकरीत असेपर्यंत मालकाचा. अठ्ठावन्न ते सत्तर ही मधली बारा वर्षे आपली आपण काढायची आहेत. फक्त नवरा-बायको उरलेल्या घराला दीनदयाळचे अडीच लाख आहेत. हृदयाचे मोठे दुखणे निघाले तर ते किती पुरतील? म्हणून स्वतःची पॉलिसी लागतेच. पण ती निवडताना लोक नुसता हप्ता बघतात. मीही तेच केले असते.

डिचोलीला माझे एक भावोजी आहेत, खाणीवर कारकून होते, खाण बंद पडल्यावर घरी बसले. त्यांनी तीन लाखांची स्वस्त पॉलिसी घेतली होती. तिच्यात खोलीचे भाडे विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार मंजूर होते. हर्नियाच्या ऑपरेशनला त्यांनी सहा हजारांची खोली घेतली. वरचे तीन हजार आपण भरू, एवढाच त्यांचा हिशेब. चार दिवसांचे खोलीचे २४ हजार, त्यातले १२ मिळाले. पण सर्जन, भूल देणारे डॉक्टर, ऑपरेशन थिएटर आणि डॉक्टरांच्या भेटी मिळून झालेल्या ८० हजारांतलेही ४० हजारच मिळाले. खोली दुप्पट भाड्याची घेतली की त्याच प्रमाणात हे खर्चही कापले जातात. ५२ हजार त्यांच्या खिशातून गेले. औषधे, तपासण्या आणि आत बसवलेली जाळी यांना ही कात्री लावता येत नाही, तेवढे वाचले. मी ते बिल तीन वेळा बेरीज करून पाहिले, चूक सापडली नाही.

पॉलिसी हाती आल्यावर ती पसंत नसेल तर परत करायला ३० दिवस मिळतात. त्या ३० दिवसांत चारच गोष्टी शोधून वाचा: खोलीभाड्याची मर्यादा, को-पे (बिलातला आपण भरायचा वाटा), मोतीबिंदूसारख्या आजारांवरची वेगळी मर्यादा आणि वेटिंग पिरियड. को-पे २० टक्के असेल तर दर लाखाला २० हजार तुमचे. माझे मत असे, की विमा रक्कम थोडी कमी असली तरी चालेल, पण खोलीभाड्याची अट नसलेली पॉलिसी घ्यावी आणि वरच्या मोठ्या रकमेसाठी सुपर टॉप-अप (ठरावीक रकमेपुढचा खर्च भरणारा जादा विमा) जोडावा. तो तुलनेने स्वस्त पडतो.

गेल्या दोन वर्षांत काही गोष्टी आपल्या बाजूने झाल्या आहेत, त्याही सांगतो. पूर्वी कंपन्यांना ६५ वयापर्यंतच नवी पॉलिसी देणे बंधनकारक होते, ती वयाची मर्यादा एप्रिल २०२४ पासून गेली. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी इर्डाशी बोलावे लागते. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. आमचा नूतनीकरणाचा हप्ता १० सप्टेंबरला भरून झाला होता, ६,३०० रुपये त्यात गेले, ते असो. क्लेम चुकीचा नाकारला असे वाटले तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि मग विमा लोकपालाकडे जावे. गोव्याचे काम पुण्याच्या कार्यालयाकडे आहे, फी नाही, वकील लागत नाही.

जे आज पन्नाशीत आहेत आणि कंपनीचा विमा आहे म्हणून निश्चिंत आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. दोन-तीन लाखांची का होईना, स्वतःची पॉलिसी आजच घ्या. कंपनीचे कार्ड खिशात असतानाच तिचा वेटिंग पिरियड उलटून जाऊ द्या. ते जमले नाही, तर निवृत्तीच्या दोन महिने आधी एचआरकडे जाऊन मायग्रेशनचा अर्ज मागा आणि समूह विम्यात किती वर्षे होतो याचे पत्र घ्या.

आणि कुंडई, वेर्णा, बेतोडा, मडकई, पिसुर्ले इथल्या कारखानदारांना आणि कामगार संघटनांना माझे एवढेच सांगणे आहे: तुमच्या ‘नो ड्यूज’च्या कागदावर एक रकाना वाढवा. ‘मेडिक्लेम मायग्रेशनची माहिती दिली’, खाली दोन्ही बाजूंच्या सह्या. याला एक पैसाही खर्च नाही. हातमोज्यांच्या जोडीचा हिशेब ठेवणाऱ्या कागदावर माणसाच्या औषधपाण्यालाही जागा असावी. कामगार खात्याने असा नमुना काढून सगळ्यांना पाठवला तर फार बरे होईल.

माझ्या हाताखाली काम केलेला एक सहकारी येत्या ३१ डिसेंबरला निवृत्त होतो आहे. त्याच्या बायकोलाही मधुमेह आहे. दोन रविवारांपूर्वी त्याला घरी बोलावून अर्ज लिहवून घेतला. काल संध्याकाळी त्याने फोन केला, विमा कंपनीची पोच आली आहे.

आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर, म्हार्दोळ-फोंडा