इंद्रायणीकाठच्या विद्यार्थीगृहासाठी आवाहन : मोरीचे सांडपाणी आणि पागोळीचे पाणी

सर्व माजी विद्यार्थी, अन्नदाते आणि हितचिंतक यांस,
सप्रेम राम कृष्ण हरि.

जोग महाराजांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे त्याच वाटेने गावात लहानमोठी अनेक विद्यार्थीगृहे उभी राहिली. आमचे विद्यार्थीगृह त्यांतलेच एक. येथे 45 मुले राहतात, दिवसा शाळेत जातात आणि सकाळ-संध्याकाळ गायन, पखवाज व कीर्तनाचे पाठ घेतात.

गेल्या रामनवमीला जन्मकाळ झाल्यावर मुलांनी अंगण धुतले. गुलालाचे पाणी मोरीत गेले, मोरीतून रस्त्याकडेच्या गटारात उतरले, आणि त्याच्या मागे धावत गेलेल्या दोघा-तिघांनी परत येऊन सांगितले की ती लाल धार घाटाच्या अलीकडे थेट नदीत पडते आहे. एरवी त्याच धारेतून साबणाचा फेस, खरकटे आणि पंगतीच्या ताटांचे ओशट जाते. त्याला गुलालाचा रंग नसल्याने आजवर ते कोणाच्या डोळ्यांवर आले नव्हते. इंद्रायणीवर फेस दिसला की आपण वरच्या कारखान्यांकडे आणि शहरी सांडपाण्याकडे बोट दाखवतो, आणि नदीचे मोठे दुखणे तिथलेच आहे यात शंका नाही. तरीही काठावर बसून तीर्थाचे महात्म्य शिकवणाऱ्यांनी आपली मोरी तशीच सोडावी, हे विश्वस्त मंडळाला पटले नाही.

म्हणून दोन कामे हाती घेत आहोत. पहिल्यात मोरीचे पाणी जाळीतून ओशट अडवणाऱ्या टाकीत आणि तेथून खडी-वाळू भरलेल्या, कर्दळ लावलेल्या हौदात सोडायचे आहे. निवळलेले पाणी फुलझाडांना आणि शौचकूपांत ओतायला वापरता येईल. दुसरे काम छपराचे आहे. आमचे छप्पर सुमारे 100 चौरस मीटर आहे आणि त्यावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 100 लिटर पाणी होते. हंगामात 600 मिलिमीटर पाऊस धरला, तर कबुतरांची घाण धुऊन नेणारा पहिला पाऊस आणि इतर गळती वगळूनही साधारण 45,000 लिटर पाणी हाती लागेल. मुलागणिक रोज 50 लिटर धरल्यास हे 20 दिवसांचे पाणी झाले. वर्षाची गरज त्याने भागणार नाही, याची आम्हांला कल्पना आहे. टाक्यांत मावेल तेवढे साठवून उरलेले गाळून बोअरकडे वळवण्याचा विचार आहे.

खोदाई पाऊस लागण्यापूर्वीच उरकली पाहिजे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी निघते आणि आमची मुले दिंडीबरोबर पंढरपूरला जातात. ती परत येईपर्यंत मोरी रिकामी असते, तेव्हा नळजोडणी आणि मोरीची फरशी त्या दिवसांत करता येईल.

रोख देणगी पावती देऊन स्वीकारली जाईल आणि जमाखर्च दर एकादशीला फळ्यावर लावला जाईल. मात्र वस्तू आणि श्रम यांची निकड अधिक आहे : विटा, सिमेंट, खडी, धुतलेली वाळू, पीव्हीसी पाइप, वापरातून निघालेल्या पण न गळणाऱ्या 5,000 लिटरच्या दोन टाक्या, तसेच गवंडी व प्लंबर यांचे चार-सहा दिवस. कर्दळीचे कंद कोणाच्या परसात असतील तर अवश्य द्यावेत. वृक्षारोपणासाठी रोपे मात्र कृपया आणू नयेत. गेल्या वर्षी प्रेमाने आलेली रोपे जागेअभावी कुंड्यांतच वाळली.

अन्नदात्यांना आणखी एक विनंती. राज्यात 2018 पासून थर्माकोलच्या ताटांवर बंदी आहे, तरी अशी ताटे पंगतीला अजून येतात. आमच्याकडे स्टीलची ताटे पुरेशी आहेत आणि ती मुलेच घासतात.

संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर कार्यवाह रोज भेटतात. देणगी देण्यापूर्वी मोरी आणि हौदाची आखलेली जागा जरूर पाहून जावी.

आपले नम्र,
कार्यवाह व विश्वस्त मंडळ